अध्यक्षांपुढं सून बोलत नाही

तो मरेपर्यंत मी त्याला 'ते' म्हणत होते. मेल्यावरही 'ते'च म्हणत राहिले, कारण सगळं गाव तसंच म्हणे आणि जिभेला वळण पडलं होतं. आता माझ्यावर कुणाचा धाक उरलेला नाही, चष्म्यानं का होईना दिसतंय, तेव्हा आधी हे काम करते. माझा सासरा. तो. भूमच्या बाजारात ज्याला बघून दुकानदार गादीवरून उठून उभे राहत, तो. हे वाचून कुणाला वाईट वाटणार असेल तर त्यांनी इथंच थांबावं, कारण पुढंही मी त्याच्याबद्दल बरं बोलणार नाही.

तसा तो लहान माणूस नव्हता. गावाबाहेर त्याचं जिन होतं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, आणि त्याला लागून तेलाची गिरणी. निजामाच्या राज्यात आमच्या भागातून कायदेमंडळावर नेमलेला मेंबर होता. बैठकीला हैदराबादला जायचा तेव्हा काळी शेरवानी आणि रुमी टोपी घालायचा, आणि परत आला की आठवडाभर घरातसुद्धा उर्दूतच खाकरायचा. पण या सगळ्यापेक्षा त्याला प्यारं होतं ते क्लबचं अध्यक्षपद. जिनच्या मोकळ्या जागेत त्याने मैदान करून घेतलं होतं. मधे हुतूतूची आखणी, एका बाजूला व्हॉलीबॉलची जाळी आणि पत्र्याची एक खोली, तिच्यात कॅरमचा बोर्ड आणि भिंतीवर निजामसरकारची तसबीर. मेंबर राहायचं तर वरच्यांची मर्जी सांभाळावी लागे, कारखाना चालवायचा तर कापसाचा भाव सांभाळावा लागे. अध्यक्ष मात्र तो आपल्याच हातानं झाला होता, आणि त्याला काढणारं कुणी नव्हतं. म्हणून घरीदारी सगळ्यांनी त्याला अध्यक्षच म्हणायचं. माझी सासूसुद्धा आतून विचारायची, "अध्यक्ष आत्ता जेवणार हायेत का मागनं?"

खेळ त्याने जन्मात एकही खेळला नाही. जिना चढला तरी धाप लागायची. संध्याकाळी कचेरीतली हातांची खुर्ची दोन माणसं उचलून मैदानावर आणत, हा तिच्यात बसे आणि गळ्यात पितळी शिट्टी अडकवे. ती शिट्टी दुसऱ्या कुणी वाजवायची नाही. कधी वाजवायची हे मात्र त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. समोर धूळ उडाली की वाजवायचा. एकदा त्याच्याच संघाचा गडी चांगला शिवून रेघेवर परत आला होता, तर यानं शिट्टी मारून त्याला बाद केलं, आणि सगळ्या संघानं 'बराबर हाय अध्यक्षसाहेब' म्हणून माना डोलावल्या. दरवर्षी फोटो निघे. खेळाडू मागं उभे, काही पायाशी बसलेले, आणि मधल्या खुर्चीत हा. मांडीवर करंडक, जसा काही यानंच धावून जिंकलेला. असे फोटो आमच्या सोप्यात रांगेनं टांगलेले होते. रोज सकाळी ते मला पुसावे लागत.

त्या घरात मी आले ती माझ्या भावामुळे.

माझं माहेर ईटचं. वडलांची शेती होती, खाऊन-पिऊन सुखी होतो. भाऊ माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणे. आमच्या भागात तेव्हा हुतूतूचं वेड होतं. आताच्या मुलांना कबड्डी माहीत असते, तिचीच ही थोरली बहीण. चढाईला जाणाऱ्या गड्यानं एका श्वासात 'हुतूतू हुतूतू' म्हणत पलीकडं घुसायचं, कुणाला तरी शिवायचं आणि तो श्वास न तोडता रेघेवर परत यायचं. याला दम म्हणतात. दम सुटला की बाद. दादाचा दम सुटत नसे. विहिरीत बुडी मारली की आई काठावर उभी राहून रडायला लागायची, तेव्हा कुठं हा पलीकडच्या कडेला डोकं वर काढायचा आणि हसायचा. सोनारीला भैरवनाथाच्या जत्रेत अध्यक्षानं त्याचा खेळ बघितला, आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या घरी माझ्यासाठी मागणं आलं.

मला बघायला आले आणि दादाला बघून गेले. मी पानसुपारीचं तबक घेऊन बाहेर आले तेव्हा त्यानं माझ्याकडं मान वळवूनही पाहिलं नाही. तो दादाच्या पोटऱ्या बघत होता. वडलांना म्हणाला, "पोरगं आमच्या जिनवर येऊ द्या कामाला. सोयरीक झाल्यावर ते परकं ऱ्हातंय व्हय?" एवढ्या मोठ्या घरचं मागणं म्हणून वडलांना आभाळ ठेंगणं झालं होतं. मीही नव्या लुगड्याच्या आनंदात होते. नंतर कळलं. बैल मनात भरला म्हणून माणूस कधीकधी गाडीसकट घेतो, तशी मी त्या घरात आलेली गाडी होते.

सुनेनं सासऱ्यापुढं पदर घ्यावा, हळू बोलावं, ही रीत तेव्हा सगळीकडे होती. यानं त्या रीतीचा कायदा केला. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी त्याच्या ताटाशी उभी राहून विचारलं, "मामंजी, भाकरी वाढू का?" त्यानं घास खाली ठेवला आणि सासूला म्हणाला, "हिला सांग, या घरात सून माझ्यापुढं बोलत न्हाय." मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. सासूनं ते वाक्य मला पुन्हा सांगितलं, जसं काही मी बहिरी होते.

तेव्हापासून मी त्या घरात भांड्यांनी बोलू लागले. भाकरी घेऊन आले की चिमटा परातीच्या काठाला वाजवायचा. आमटी संपत आली की पातेल्यात पळी वाजवायची. त्याला मला काही सांगायचं असलं तर तो सासूला सांगे, मी समोर असले तरी. घरी तहसीलदार किंवा अमीन जेवायला आले, अमीन म्हणजे त्या वेळचा फौजदार, की हा कौतुकानं सांगायचा, "आमच्या सुनेचा आवाज कसा हाय ते मला अजून म्हाईत न्हाय साहेब." पाहुणे वाहवा करायचे. मी दाराआड भाताचं भांडं धरून उभी असायचे, आणि भांडं इतकं गरम असे की बोटं भाजत. नवरा मान खाली घालून भात कालवत राही. बापापुढं त्याचाही आवाज फारसा कुणी ऐकलेला नव्हता, त्यामुळं त्याच्यावर मी राग धरला नाही. धरून उपयोग नव्हता.

सासू आळंदच्या बाजूची, कानडी मुलखातली. मी कधी घुश्श्यात येऊन काही बोलायला लागले की ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "सुम्नीर, बाळ, सुम्नीर." म्हणजे गप राहा. तिनं हे इतक्या मायेनं म्हणावं की पहिले काही महिने मला वाटत होतं, कानडीत 'उगी उगी'ला सुम्नीर म्हणत असावेत. तिला स्वतःला कुणी किती वेळा सुम्नीर म्हटलं होतं कोण जाणे.

दादा जिनवर आला आणि माझे दिवस बरे जायला लागले. त्याला कापसाचे गठ्ठे बांधण्यावर देखरेखीचं काम होतं. दुपारी मागल्या दारानं यायचा, चुलीपुढं पाट घेऊन बसायचा. माझं सगळं बोलणं मी त्याच्यासाठी राखून ठेवलेलं असे. तो जेवायचा आणि मी बोलायची. "अगं बाई, जरा दम घे," तो म्हणायचा, "माझ्याहून तुझाच दम मोठा हाय." त्याच्या जिवावर अध्यक्षाच्या क्लबानं धाराशिवचा करंडक आणला. परत आल्यावर हा घोड्याच्या टांग्यात पुढं बसला, करंडक हातात, आणि दादा बाकीच्या पोरांबरोबर मागं धुळीतून चालत आला. दादाला त्याचं काही नव्हतं. तो मला म्हणाला, "त्येंनी आपल्याला भाकर दिलीय, बाई." दादा असाच होता. कुणी पाणी पाजलं तरी आयुष्यभर लक्षात ठेवणारा.

मग दिवस फिरले. इंग्रज गेले. पलीकडं बार्शीला झेंडा लागला आणि आमच्याकडं निजामाचंच राज्य राहिलं. मधे काय, तर एक करोडगिरीचा नाका, जिथं जकात घेत. अलीकडं माणसं दबकून बोलत आणि पलीकडं घोषणा देत. आमच्या गावातली पोरं एकेक करून नाका चुकवून पलीकडच्या कॅम्पात जायला लागली. राज्य बदलावं म्हणून लढायला. दादा चुलीपुढं बसला की आता कमी बोलू लागला होता. मी ओळखायचं ते ओळखलं होतं.

त्या हिवाळ्यात अव्वल तालुकदाराचा, म्हणजे तेव्हाच्या कलेक्टरचा, दौरा ठरला. त्याच्यासमोर आमच्या क्लबाचा परांड्याच्या संघाशी सामना. अध्यक्षानं मैदानावर पाणी मारून घेतलं, कनात लावली, खुर्चीला नवी गादी शिवली. या सामन्यानंतर हैदराबादहून आपल्याला एखादा किताब मिळेल असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. आणि सामन्याच्या सकाळी दादा जिनवर नव्हता, खोलीवर नव्हता, गावात नव्हता. तो पलीकडं गेला होता. आमचा संघ असा हरला की शिट्टी वाजवायलाही जागा उरली नाही. घरी येऊन अध्यक्षानं रुमी टोपी पलंगावर आपटली आणि सासूला म्हणाला, "हिला सांग, हिच्या भावानं साहेबापुढं माझं नाक कापलं." लोक नंतर म्हणत राहिले की अध्यक्षानं पुढं जे केलं ते राजकारणासाठी केलं, निजामाशी इमान म्हणून केलं. मला विचाराल तर त्यात इमान-बिमान काही नव्हतं. तो एका हुतूतूच्या सामन्याचा सूड होता.

उन्हाळा लागता लागता दादा आला. भर दुपारची वेळ, मागलं दार. अंगात ताप होता, गालफडं बसली होती, पायात काटे मोडलेले. मी आधी पाणी दिलं, मग पाट मांडला. भाकरी होती, पिठलं होतं, कांदा फोडला. तो इतका भुकेला होता की बोलत नव्हता आणि मी इतकी घाबरले होते की बोलत नव्हते. तेवढ्यात अध्यक्ष स्वयंपाकघराच्या दारात उभा. या वेळेला तो कधीच घरी येत नसे.

दादा उठायला लागला. यानं हात पुढं करून त्याला बसवलं. "बस, बस. सावकाश जेव, बाळा," तो म्हणाला. "घाई न्हाय." आवाजात एवढं लोणी मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही, खोटं कशाला सांगू, एक क्षण वाटलं की या माणसाला आपण ओळखलंच नव्हतं.

मी तूप आणायला मधल्या घरात गेले. सोप्यातून त्याचा आवाज आला. जिनच्या फाटकावरच्या शिपायाला तो सांगत होता, "चौकीवर जा. अमीनसाहेबाला म्हणावं, पाहुणा आलाय, जेवतोय, लवकर या."

तुपाची वाटी माझ्या हातातच राहिली. मी सोप्यात गेले. पदर डोक्यावर होता की नव्हता मला आठवत नाही. त्याच्या समोर उभी राहिले आणि म्हणाले, "मामंजी, तो जेवायला बसलाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्यामागून सासू आली होती, तिला तो म्हणाला, "हिला सांग, या घरात सून माझ्यापुढं बोलत न्हाय. हिला देवघरात घे." आणि आम्ही दोघी आत जाताच बाहेरून कडी त्यानं आपल्या हातानं लावली. मी ओरडले. 'दादा, पळ' असं जेवढ्या ताकदीनं ओरडता येतं तेवढं ओरडले. पण जिन चालू होतं, त्याचे पट्टे दिवसभर घरघरत असत, भिंतीपलीकडचं ऐकू येत नसे. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा सासूचा तळवा माझ्या तोंडावर आला. "सुम्नीर," ती म्हणत होती, "सुम्नीर ग बाळ," आणि तिचे डोळे दाराकडं लागले होते. त्या दिवशी मला त्या शब्दाचा अर्थ पुरता समजला.

त्याला ताटावरून उठवून नेला. हातसुद्धा धुऊ दिला नाही. कडी निघाल्यावर मी धावत मागल्या दारात गेले तेव्हा तो गल्लीच्या टोकाशी होता, दोन्हीकडून शिपाई, आणि उजव्या हाताची बोटं पिठल्यानं भरलेली. अर्धी भाकरी ताटात होती. अध्यक्ष मोरीवर पाय धूत होता.

त्याच सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य आटोपलं. तुरुंग उघडले. दादा परत आला तो बैलगाडीत आडवा. कोठडीत त्याच्या छातीवर बुटांनी मारलं होतं. फासळ्या कशाबशा जुळल्या होत्या, पण आत काहीतरी कायमचं फाटलं होतं. दोन वाक्यं बोलला की त्याला थांबावं लागे. ज्याचा दम सुटत नव्हता त्याला आता दमच उरला नव्हता. मी ईटला जाऊन त्याच्या उशाशी बसले. तो मला थांबत थांबत म्हणाला, "अध्यक्षांनी मला... जेवू घातलं बाई. त्या दिवसांत... कोण दारात उभं करत होतं? त्यांना जप." त्याला बघायला कॅम्पातले सोबती येत, त्यांनाही तो हेच सांगे. त्याला खरं सांगावं असं माझ्या ओठांवर आलं. पण रागालाही दम लागतो, आणि तेवढा त्याच्याकडं शिल्लक नव्हता. मी त्याला तसंच जाऊ दिलं. हिवाळ्यात तो गेला. तो राग मी माझ्याकडं घेतला, दोघांचा मिळून.

इकडं अध्यक्षानं कात टाकली होती. शेरवानी पेटीत गेली, खादी आली. रुमी टोपीच्या खुंटीला पांढरी टोपी लागली. क्लबातली निजामाची तसबीर उतरली, तिच्यामागं भिंतीचा चौकोन पांढराफटक दिसत होता, त्यावर काय लावायचं हा प्रश्न होता. आणि त्याला सुचलं काय? तर दादाचा फोटो. क्लबाला दादाचं नाव द्यायचं. 'माझ्या घरचा हुतात्मा' असं तो लोकांना सांगत सुटला. नव्या राज्यात तालुक्याची कमिटी होणार होती, तिच्यात जागा मिळवायला त्याला माझा मेलेला भाऊ हवा होता. जिवंतपणी त्याच्या पोटऱ्या वापरल्या, आता नाव वापरायचं होतं. फोटो मीच पुसून दिला. काच पुसताना मला एवढंच वाटत होतं की याला मी सोडणार नाही. कसं ते माहीत नव्हतं.

फोटो लावायला कॅम्पाचे प्रमुख येणार होते, बार्शीकडचे एक वयस्क मास्तर, सरळ माणूस. लोकांत कुजबुज होती. जिनवरचे कामगार आपापसात बोलत की पोराची खबर कुणीतरी जवळच्यानंच दिली. ते अध्यक्षाच्याही कानावर होतं. म्हणून आदल्या दिवशी जेवताना तो सासूला म्हणाला, "हिला सांग, उद्या कुणी काही विचारलं तर सांगायचं, अध्यक्षांनी पोटच्या पोरागत जेवू घातलं, लपवून ठेवलं, पोलीस आपसूक आले." मी समोर उभी होते. सासूनं माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच त्याचा निरोप मला पुन्हा सांगितला नाही. मी पातेल्यात पळी वाजवली. तो समजला, मला कबूल आहे.

मैदानावर सगळं गाव जमलं. मधल्या रेघेच्या एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला आम्ही बायका. समोर टेबलावर फुलं घातलेला दादाचा फोटो, बाजूला ती हातांची खुर्ची, तिच्यात खादी घालून तो, गळ्यात शिट्टी. सवय सुटत नव्हती. मास्तर बोलायला उभे राहिले आणि मागून कामगारांतून कुणीतरी ओरडलं, "खबर कुणी दिली ते आधी सांगा!" गलका झाला. मास्तरांनी हात वर केला. म्हणाले, "पोरगा मरताना अध्यक्षांबद्दल चांगलं बोलून गेला. पण त्याला जे ठाऊक नव्हतं ते त्याच्या बहिणीला ठाऊक असंल. ती त्या दिवशी घरात व्हती. तिनं सांगावं, आमी मानू."

"विचारा की!" अध्यक्ष खुर्चीतून म्हणाला, मोठ्यानं, हसत. "माझ्याच घरात हाय ती. विचारा."

मी उठले आणि रेघेपर्यंत गेले. एवढ्या माणसांपुढं मी कधी उभी राहिले नव्हते. पदर नीट केला. त्याच्याकडं बघितलं. बोलायचं ठरवूनच मी घरून निघाले होते. सगळं बोलायचं, तुपाच्या वाटीपासून. पण तो तसा हसत बसलेला बघितला आणि माझ्या मनात लख्ख उजेड पडला. मी तोंड मिटलं.

"सांग माय, सांग," तो म्हणाला. इतक्या वर्षांत मला उद्देशून त्यानं काढलेला हा पहिला शब्द.

मी उभी.

"लाजतीय," तो लोकांना म्हणाला. "आमच्या घरात रीत हाय, सून माझ्यापुढं बोलत न्हाय."

"आज रीत बाजूला ठिवा," मास्तर म्हणाले. "तुमची परवानगी हाय न्हवं?"

"हाय की! बोल पोरी. परवानगी हाय. बोल!"

मी त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. आत हुतूतू चालू होतं माझं, बाहेर चकार शब्द नाही. दादानं मला कधी दम धरायला शिकवलं नव्हतं, पण एका आईची लेकरं होतो आम्ही. माणसांची कुजबुज थांबली. जिन त्या दिवशी बंद होतं, त्यामुळं सगळं मैदान ऐकू येत होतं. तो खुर्चीत सावरून बसला. शांतता त्याला सहन होत नसे, धूळ उडाली नाही तरी शिट्टी वाजवणारा माणूस तो. बोलायला लागला. एकदा लागला तो थांबेना. म्हणाला, "आवो, म्या सोता वाढलं त्याला. सावकाश जेव म्हनलं. शपथ घिऊन सांगतो, पोटच्या पोरागत केलं. चौकीवर मानूस धाडला तवा बी बजावून सांगितलं व्हतं, पोरगं जेवल्याबिगर उठवू नका म्हनून..."

"सुम्निर्री!"

माझ्यामागून, बायकांतून, सासूचा आवाज. नवऱ्याशी बोलायचं म्हणून तिनं शेवटी 'री' लावला, मानाचा. एवढ्या वर्षांत तिनं त्याला असं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. पण उशीर झाला होता. त्याचा दम सुटला होता.

मास्तरांनी अगदी हळू विचारलं, "चौकीवर मानूस कशाला धाडला व्हता, अध्यक्ष?"

त्याचा हात शिट्टीकडं गेला आणि तिथंच राहिला. मास्तरांनी दादाचा फोटो फुलांसकट उचलला, माझ्याजवळ आणला आणि माझ्या हातात दिला. खेळाडू एकेक करून निघाले. मग सगळेच निघाले. खुर्ची उचलायला नेहमीची दोन माणसं पुढं आली नाहीत. तो बराच वेळ तिच्यात बसून राहिला, मग चालत घरी आला. मला आनंद झाला का? झाला. पोटभर झाला. त्या रात्री मी इतकी गाढ झोपले की सकाळी सासूनं हलवून मला उठवलं.

कमिटीत त्याला कुणी घेतलं नाही. मैदानावर गवत वाढलं. तो घरात बसू लागला आणि मी त्याला दोन वेळा गरम जेवण वाढत राहिले, एकदाही चुकले नाही. चिमटा वाजवायचा, पळी वाजवायची. सुरुवातीला तो रागावे. मग विनवू लागला. सासूमार्फत नव्हे, सरळ मला. "एकदा बोल. शिव्या दे, पण बोल." मी आमटी वाढायची. जेवता जेवता तो माझ्या तोंडाकडं बघे आणि त्याचा घास तसाच राही. लोक म्हणत, अशा वेळी सुनेनं मन मोठं करावं. माझं मन जेवढं होतं तेवढंच होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवा ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, अंगाला भस्म लावतात, फुलांनी सजवतात आणि तसाच बसलेला मातीत पुरतात. त्याला सोप्यात बसवला होता, बरोबर त्या फोटोंच्या रांगेखाली. मागं भिंतीवर खेळाडू उभे, मधे हा बसलेला. मेल्यावरही मधली जागा त्यानं सोडली नव्हती. बाया एकेक करून बेल वाहायला जात होत्या. माझी पाळी आली. मी वाकले, बेल त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"बसा सावकाश," मी म्हणाले. "घाई न्हाय."

सासू शेजारीच उभी होती. तिनं ऐकलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, पण त्या दिवशी ती सुम्नीर म्हणाली नाही.